महामारीतील कुटुंबवैद्य : सेवेची गुणवत्ता कशी मोजावी?

मोठ्या साथीचा विचार करू लागले की रुग्णालये, खाटा, प्राणवायूच्या टाक्या आणि लस यांचाच हिशेब प्रथम डोळ्यांसमोर येतो. परंतु आजारी माणूस रुग्णालयाच्या दाराशी पोचतो, त्यापूर्वी तो बहुधा आणखी एका दाराशी जाऊन आलेला असतो. ते दार म्हणजे गावातील किंवा पेठेतील नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना होय. ताप साधा आहे की संशयास्पद, घरी राहून चालेल की पुढे पाठवावे लागेल, याचा पहिला निर्णय तेथे होतो. तो वेळेवर आणि योग्य झाला तर पुढील उपचार सोपे होतात. तो चुकला किंवा लांबला, तर सुसज्ज रुग्णालयालाही गेलेला वेळ परत आणता येत नाही. म्हणूनच महामारीच्या काळात कुटुंबवैद्यांच्या सेवेची गुणवत्ता हा केवळ डॉक्टरांचा व्यावसायिक प्रश्न न राहता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याची घोषणा केली. या तीन वर्षांच्या अनुभवाकडे आता शांतपणे पाहता येते. या दृष्टीने कोल्हापूर जिल्ह्याचा विचार उद्बोधक ठरावा.

कोल्हापूरची परिस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार इतकी होती. बारा तालुके आणि हजाराहून अधिक ग्रामपंचायती असलेल्या या जिल्ह्याची रचना एकसारखी नाही. पूर्वेस हातकणंगले व शिरोळ हे दाट वस्तीचे, बागायती तालुके आहेत आणि इचलकरंजीसारखे यंत्रमागांचे गजबजलेले शहर आहे. पश्चिमेस शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांतील कित्येक वाड्यावस्त्या सह्याद्रीच्या कुशीत विखुरलेल्या आहेत. शहरात एका रस्त्यावर चार दवाखाने दिसतात, तर डोंगरी भागात एकाच डॉक्टरांवर अनेक वाड्यांची मदार असते. खेड्यापाड्यांतील या डॉक्टरांत आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत.

कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, अर्थात लोकांच्या तोंडी असलेले सीपीआर, हा जिल्ह्याचा मोठा आधार आहे. शेजारच्या कोकणातून आणि सीमाभागातूनही रुग्ण उपचारांसाठी कोल्हापुरात येतात. २०२० मध्ये हे रुग्णालय मुख्यतः कोविड रुग्णांसाठी राखून ठेवावे लागले. साहजिकच इतर आजारांचा आणि सौम्य लक्षणांच्या रुग्णांचा भार गावोगावच्या दवाखान्यांवर आला. मे २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून चाकरमानी मोठ्या संख्येने गावी परतले, तेव्हा शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्यात रुग्ण वाढले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत राज्याच्या बऱ्याच भागांत साथ ओसरू लागली असतानाही कोल्हापुरात ती रेंगाळली. जून २०२१ मध्ये निर्बंध शिथिल करण्यासाठी राज्याने जे पाच स्तर ठरविले, त्यांत हा जिल्हा आरंभी चौथ्या स्तरात होता. रोग महिनोन्महिने रेंगाळतो, तेव्हा त्याचा ताण मोठ्या रुग्णालयांइतकाच पहिल्या दारावर पडतो, हे येथे स्पष्ट झाले.

जुन्या साथींचा धडा

पहिल्या दाराचे महत्त्व या भूमीला नवीन नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पाहता पाहता तो दख्खनभर पसरला. पुण्यात १८९७ मध्ये सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेण्यात आल्या. लोक रोगाइतकेच तपासणीला भिऊ लागले. रुग्ण दडविले जाऊ लागले. या असंतोषातूनच त्या वर्षी २२ जूनच्या रात्री रँड या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. कोल्हापूर संस्थानातही प्लेग पोचला, तेव्हा राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत वस्ती मोकळी करून लोकांना बाहेर झोपड्यांत हलविणे, औषधोपचाराची सोय करणे असे उपाय योजण्यात आले. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएंझाने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या वेळी डॉक्टर मुळातच थोडे, त्यांतील अनेक महायुद्धाच्या कामावर गेलेले; त्यामुळे असंख्य रुग्णांना कोणाही वैद्याचे तोंड दिसले नाही.

या दोन साथींनी दोन गोष्टी शिकविल्या. लोकांचा विश्वास नसेल तर रोग लपतो; आणि जवळ वैद्य नसेल तर साधा उपचारही दुर्लभ होतो. कुटुंबवैद्याच्या ठायी या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. तो जवळ असतो आणि तो ओळखीचा असतो. चाचणी करून घेण्यास किंवा विलगीकरणात जाण्यास नकार देणारा माणूस घरच्या डॉक्टरांच्या शब्दावर तयार होतो, हा अनुभव २०२० मध्ये अनेक ग्रामसमित्यांनी घेतला आहे.

गुणवत्ता म्हणजे नेमके काय?

दवाखाना स्वच्छ आहे, डॉक्टर गोड बोलतात आणि गुण लवकर येतो, एवढ्यावर सामान्य माणूस सेवेची पारख करतो. शास्त्रीय विचार याहून पुढे जातो. अमेरिकेतील अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेची गुणवत्ता तीन अंगांनी पाहावी असे मांडले. साधने व रचना हे पहिले अंग. प्रत्यक्ष उपचाराची पद्धत हे दुसरे. आणि रुग्णाला लाभलेला परिणाम हे तिसरे. महामारीत केवळ तिसऱ्या अंगाकडे पाहून निवाडा करणे अन्यायाचे ठरते, कारण गंभीर रुग्ण उत्तम उपचार होऊनही दगावू शकतो, तर सौम्य रुग्ण चुकीचे औषध घेऊनही बरा होतो. म्हणून मधल्या अंगाकडे, म्हणजे दवाखान्यात नेमके काय केले जाते याकडे, अधिक लक्ष द्यावे लागते.

बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या पुढाकाराने ३८ देशांतील पाच हजारांहून अधिक दवाखान्यांची या प्रश्नावर पाहणी झाली. संसर्गापासून बचावाची व्यवस्था, रुग्णांची निवड, जुन्या आजारांचा पाठपुरावा, दुर्बल रुग्णांपर्यंत पोचण्याचा प्रयत्न आणि सेवकवर्गावरील ताण अशा अंगांची तीत विचारपूस होती. हे बहुतेक देश युरोपातील, म्हणजे सुस्थितीतील. तरीही रुग्ण भीतीने उशिरा आले आणि त्यामुळे गंभीर आजारांचे उपचार लांबले, ही तक्रार तेथेही आढळली. कोल्हापूरच्या संदर्भात या विषयाचा विचार पुढील कसोट्यांवर करता येईल.

दार उघडे राहणे

पहिली कसोटी अगदी साधी आहे. गरजेच्या वेळी दवाखाना उघडा होता काय? मार्च व एप्रिल २०२० मध्ये राज्यात अनेक ठिकाणी खाजगी दवाखाने बंद राहिले आणि ते उघडावेत यासाठी प्रशासनाला नोटिसा काढाव्या लागल्या. लोकांची गैरसोय झाली हे खरे. तथापि त्यामागील कारणेही समजून घेतली पाहिजेत. मुखपट्ट्या व संरक्षक पोशाख बाजारात मिळत नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत अंतर पाळणे अशक्य होते. बरेच डॉक्टर साठीच्या पुढचे, स्वतः मधुमेह किंवा रक्तदाबाचे रुग्ण होते. दवाखाना आणि घर एकाच वास्तूत असल्याने संसर्ग थेट कुटुंबात शिरत होता. पहिल्या दोन लाटांत देशातील शेकडो डॉक्टरांनी प्राण गमावले.

यातील बऱ्याच अडचणींवर डॉक्टरांनी स्वतःच उपाय शोधले. रुग्णांना बाहेर ओसरीवर बसविणे, तापाच्या रुग्णांसाठी वेगळी वेळ ठेवणे, खिडकीतून विचारपूस करणे, मध्ये पारदर्शक पडदा लावणे, खोली हवेशीर ठेवणे, असे हे साधे उपाय होते. विषाणू हवेतून पसरतो हे जसजसे स्पष्ट झाले, तसतसे उघड्या खिडकीचे महत्त्व जंतुनाशक फवारणीपेक्षा अधिक ठरले.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र डॉक्टरांच्या हाती नव्हते. कर्तव्यावर मृत्यू आलेल्या आरोग्यसेवकांच्या कुटुंबांसाठी केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये ५० लाख रुपयांची विमा योजना जाहीर केली. परंतु स्वतःचा दवाखाना चालविताना मृत्यू पावलेल्या खाजगी डॉक्टरांना तिचा लाभ मिळावा काय, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दार उघडे ठेवण्याची अपेक्षा समाज ज्याच्याकडून करतो, त्याच्या संरक्षणाची तरतूद साथ येण्यापूर्वीच निःसंदिग्धपणे झालेली असणे अगत्याचे आहे.

निर्णयाचा आठवडा

दुसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण रुग्णाचा जीव बहुधा तिच्यावर अवलंबून राहिला. कोविडच्या बहुसंख्य रुग्णांना काही दिवसांत आराम पडे. परंतु थोड्या रुग्णांची प्रकृती पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास अकस्मात बिघडे. त्यांच्या बाबतीत एक फसवी गोष्ट घडत असे : धाप लागलेली नसतानाही रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटलेले असे. माणूस बोलतो, चालतो, जेवतो आणि तरीही धोक्यात असतो. अशा रुग्णाला केवळ नाडी व ताप पाहून घरी पाठविणे घातक ठरले.

उपाय खर्चिक नव्हता. बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर हे छोटे यंत्र आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी एवढ्याने धोका ओळखता येत होता. प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांखाली गेली, किंवा चालल्यानंतर ती आधीच्या आकड्याहून तीन टक्क्यांपेक्षा अधिक घसरली, तर रुग्णाला पुढे पाठवावे, असा संकेत रूढ झाला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यात १५ सप्टेंबर २०२० पासून राबविण्यात आली, तेव्हा आशा कार्यकर्त्या व स्वयंसेवक हेच यंत्र घेऊन घरोघर गेले. मे २०२१ मध्ये राज्याच्या कृती दलातील तज्ज्ञांनी गावोगावच्या डॉक्टरांशी दूरदृश्य पद्धतीने संवाद साधून घरी असलेल्या रुग्णांवर लक्ष कसे ठेवावे हे समजावून दिले. हा संवाद पहिल्या लाटेतच झाला असता, तर त्याचा लाभ आणखी मोठा झाला असता.

मात्र रुग्णाला पुढे पाठविणे म्हणजे चिठ्ठी लिहून मोकळे होणे नव्हे. कोणत्या रुग्णालयात खाट आहे, रुग्णवाहिका कोठे मिळेल, सोबत कोणती माहिती द्यावयाची, हे डॉक्टरांना ठाऊक असले पाहिजे. दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात नातेवाईक रुग्णाला घेऊन एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे धावत होते. ज्या डॉक्टरांचा प्राथमिक आरोग्य केंद्राशी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी नित्याचा संबंध होता, त्यांच्या रुग्णांची ही धावपळ कमी होणे स्वाभाविक होते.

औषध न देण्याचे शहाणपण

महामारीत ज्ञान झपाट्याने बदलते. आज उपयुक्त वाटणारे औषध सहा महिन्यांनी निरुपयोगी ठरते. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले की, प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रुग्णांचे प्राण या औषधाने वाचतात. परंतु प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ होत नाही, कदाचित अपायच होतो. या निष्कर्षाचा पूर्वार्ध सर्वत्र पोचला. उत्तरार्ध तितका पोचला नाही. पहिल्याच दिवसापासून स्टेरॉइड सुरू केल्याची उदाहरणे देशभर घडली. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने अनेकांचे डोळे व जबडे गमवावे लागले, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही प्रमुख कारणे तज्ज्ञांनी सांगितली. रेमडेसिविरसाठी लोकांनी रांगा लावल्या, त्यापूर्वीच म्हणजे नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिला होता.

येथे रुग्णाचाही वाटा मोठा आहे. सलाईन लावले नाही, इंजेक्शन दिले नाही, तर डॉक्टरांनी काही केलेच नाही, असे मानणारा समाज डॉक्टरांना जादा औषधाकडे ढकलतो. विषाणूजन्य तापात पहिले काही दिवस विश्रांती, पाणी, तापाची साधी गोळी आणि दिवसातून दोन-तीन वेळा प्राणवायूची नोंद एवढेच पुरेसे असते, असे निर्भयपणे सांगणारा डॉक्टर गुणवत्तेच्या कसोटीस उतरला असे समजावे. त्याला पाठबळ देण्याचे काम गावातील सुशिक्षितांचे आहे.

इतर रोग थांबत नाहीत

साथ आली म्हणून मधुमेह, रक्तदाब, क्षय किंवा गरोदरपण थांबत नाही. २०१९ मध्ये देशात क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचले नव्हते किंवा त्यांचा खोकला वेगळ्याच कारणाचा मानला गेला होता. असा न ओळखला गेलेला रुग्ण घरात व शेजारी रोग पसरवीत राहतो. तेव्हा साथीच्या काळात आपल्या नेहमीच्या रुग्णांपैकी कोण आला नाही याची चौकशी करणे, हे कुटुंबवैद्याच्या गुणवत्तेचे लक्षण ठरते.

दूरध्वनीवरून सल्ला देण्यास २५ मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट आधार दिला. जुन्या रुग्णाची औषधे चालू ठेवणे, साखरेचे आकडे विचारून मात्रा बदलणे यांसाठी ही सोय उपयुक्त ठरली. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी या शासकीय सेवेतून विनामूल्य सल्ला मिळू लागला. परंतु छातीत दुखणे, श्वास लागणे, गरोदर स्त्रीची सूज अशा तक्रारी दूरध्वनीवर निभावता येत नाहीत; प्रत्यक्ष तपासणी केव्हा आवश्यक आहे हे ठरविणे डॉक्टरांच्याच विवेकावर सोपविलेले आहे. डोंगरी वाड्यांत संपर्काच्या लहरी पोचत नाहीत, ही मर्यादाही लक्षात घ्यावी लागेल.

नोंदवहीचे मोल

जुलै २०२१ मध्ये कोल्हापूरवर दुहेरी संकट कोसळले. साथ चालूच असताना पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोक्याची पातळी मोठ्या फरकाने ओलांडली. करवीर, शिरोळ, हातकणंगले तालुक्यांतील पूरग्रस्त कुटुंबे छावण्यांत व नातेवाइकांकडे हलवावी लागली. २०१९ च्या महापुराला दोनच वर्षे झाली होती. घाईघाईने घर सोडताना माणूस औषधाच्या चिठ्ठ्या घेतोच असे नाही. छावणीतील डॉक्टरांपुढे अनोळखी रुग्ण येतो आणि आपण एक पांढरी गोळी घेत होतो, एवढेच सांगू शकतो.

येथे नोंदीचे मोल कळते. कुटुंबवैद्याची स्मरणशक्ती अनेकदा थक्क करणारी असते. परंतु ती त्यांच्याबरोबरच राहते. दीर्घकालीन रुग्णांची एक साधी यादी, तीत नाव, आजार, औषध व मात्रा, आणि तिची एक प्रत दवाखान्याबाहेर सुरक्षित ठिकाणी, एवढी व्यवस्था असली तर पूर असो वा साथ, उपचार तुटत नाहीत. रुग्णाची संमती व गोपनीयता मात्र सांभाळली गेली पाहिजे.

गरज अधिक, सेवा कमी

वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक निरीक्षण मांडले : जेथे गरज सर्वांत अधिक, तेथे चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी आढळते. कोल्हापूर जिल्ह्यातही शहरी पेठा आणि डोंगरी वाड्या यांची तुलना केली असता या निरीक्षणाची आठवण होते. ऊसतोडणीच्या पालांवरील कुटुंब, इचलकरंजीतील एका खोलीत राहणारे यंत्रमाग कामगार, एकटे वृद्ध यांना नेहमीचा डॉक्टरच नसतो. त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र हेच पहिले दार आहे. तेव्हा गुणवत्तेचा विचार केवळ खाजगी दवाखान्यापुरता न ठेवता शासकीय केंद्रांनाही लागू केला पाहिजे.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एकाकी दवाखाना महामारीत उत्तम सेवा देऊ शकत नाही. त्याच्या गुणवत्तेचा मोठा भाग त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेवर ठरतो. ही व्यवस्था साथ आल्यावर उभारता येत नाही. ती शांततेच्या काळात घडवावी लागते.

प्रत्येक ग्रामपंचायतीजवळ आपल्या क्षेत्रातील व लगतच्या डॉक्टरांची अद्ययावत यादी असावी. महाराष्ट्रातील १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम मुख्यतः रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. त्यामुळे छोट्या दवाखान्यांची माहिती स्थानिक पातळीवरच जमविणे श्रेयस्कर ठरेल. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या बैठकीस या डॉक्टरांना वर्षातून दोनदा तरी निमंत्रण द्यावे. आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि खाजगी डॉक्टर यांचा परस्परांशी परिचय असला, तर संशयित रुग्णाची बातमी एका दूरध्वनीवर पोचते. समितीला मिळणाऱ्या निधीतून ऑक्सिमीटर, तापमापक यांसारखी साधने घेऊन ती चालू स्थितीत ठेवता येतील. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करावयाचे सुमारे ७० हजार कोटींचे अनुदान सुचविले होते, त्यामागेही प्राथमिक सेवा गावपातळीवर भक्कम करण्याचाच हेतू होता.

शिक्षकांचे कार्यही लहान नाही. २०२० मध्ये शाळांच्या खोल्या विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या आणि शिक्षकांनी सर्वेक्षणाचे काम केले. यापुढे शाळेतून मुलांना ताप कसा मोजावा, धोक्याची लक्षणे कोणती आणि प्रत्येक आजाराला इंजेक्शन का लागत नाही, हे शिकविता येईल. मुलांमार्फत ही गोष्ट घराघरांत पोचेल. तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांनी बदललेली उपचारपद्धती शासकीय डॉक्टरांबरोबरच खाजगी, तसेच आयुर्वेद व होमिओपॅथीच्या डॉक्टरांनाही त्याच दिवशी, मराठीतून व एका पानात कळविण्याची रीत पाडावी.

पुढची साथ कोणत्या रोगाची असेल हे सांगता येणार नाही. परंतु त्या रोगाचा पहिला रुग्ण सीपीआरच्या दाराशी येण्यापूर्वी एखाद्या गावातील छोट्या दवाखान्याच्या बाकावर बसलेला असेल, एवढे निश्चित समजावे. त्या दिवशी तेथील डॉक्टरांजवळ योग्य माहिती, हाताशी साधे यंत्र, बोलण्यास एक ओळखीचा शासकीय अधिकारी आणि पाठीशी गाव असेल काय, याचे उत्तर आजच्या ग्रामसभांना व पंचायत समित्यांना द्यावयाचे आहे.